उन्हाळ्याच्या यादीतलं चौदावं पुस्तक

लासुर्णे,
३ एप्रिल

प्रिय प्राची,

पाकीट उघडल्यावर तू आधी खालची सही बघशील आणि मग बहुतेक थोडा वेळ पुढं वाचणार नाहीस. सहा वर्षांनी लिहिते आहे, तेही कामासाठी.

परवा आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर कुणीतरी एक यादी पाठवली. ‘या उन्हाळ्यात काय वाचाल? सांगवीच्या वाचनालयाकडून अठरा पुस्तकं.’ प्रत्येक पुस्तकाखाली दोन-दोन ओळी लिहिलेल्या. वाचत वाचत खाली आले, तर ग्रंथपाल म्हणून तुझं नाव. बारामतीला ग्रंथपालनाचा वर्ग आपण एका बाकावर बसून केला आणि तू खरंच ग्रंथपाल झालीस. मला फार बरं वाटलं, हे आधी सांगून टाकते.

आता काम. माझ्या सासूबाई कुशाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, फेब्रुवारीत पक्षाघातानं पडल्या. अठरा दिवस बारामतीला दवाखान्यात होत्या, आता घरी आहेत. उजवा हातपाय हलत नाही आणि वाचा गेली आहे. ऐकू मात्र सगळं येतं, आणि कळतंही असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी सांगितलंय, पेशंटशी बोलत राहा, कानावर शब्द पडत राहिले पाहिजेत. प्राची, मी काय बोलू? लग्न झाल्यापासून आमचं दोघींचं बोलणं कामापुरतं. दूध तापलं का, पाणी किती वाजता सुटलं, एवढंच. दोन दिवस बोलून पाहिलं, तिसऱ्या दिवशी माझ्याजवळचं संपलं. म्हणून वाटलं, वाचून दाखवावं. त्या चौथी शिकलेल्या आहेत. अशा बाईला काय वाचून दाखवायचं ते तू सांग.

फोन केला असता, पण त्यांची खाट मधल्या खोलीत आहे आणि घरात कुठंही बोललं तरी तिथं ऐकू जातं. त्यांच्याविषयी त्यांच्याच देखत कसं बोलू? आमचे हे, राजवर्धन, दर आठवड्याला बारामतीच्या बाजाराला जातात. स्टँडजवळ तुझ्या भावाचं, विशालचं, झेरॉक्सचं दुकान आहे ना, तिथं ते हे पत्र ठेवतील.

रेश्मा


सांगवी,
९ एप्रिल

रेश्मा,

सही आधी बघितली, तुझा अंदाज बरोबर. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं, वाचनालय उघडण्याआधी.

सासूबाईंचं कळून वाईट वाटलं. सोबत चार पुस्तकं पाठवते आहे. एक संतांच्या गोष्टींचं, मोठ्या टायपातलं. एक विनोदी कथांचं. एक खेड्यात नोकरी केलेल्या शिक्षिकेच्या आठवणींचं. आमच्याकडं वयस्कर बायका हीच तीन जास्त नेतात. चौथं तुझ्यासाठी. आमच्या यादीतलं ते चौदावं पुस्तक, एका निवृत्त वकिलानं लिहिलेल्या जुन्या खटल्यांच्या हकिकती. वर्गात मास्तर वर्गीकरण शिकवायचे, तेव्हा तू बाकाखाली असलंच काहीतरी वाचत असायचीस. मुदत एकवीस दिवस. तुला सभासद करून घेतलंय, क्रमांक चारशे बारा.

वाचनालयाची खबर तू विचारली नाहीस, तरी सांगते. उन्हामुळं वेळ बदललीय, सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात. शाळेला सुट्टी लागली की पोरं येतात ती पंख्यासाठी. मी पंख्याखालीच पुस्तकं पसरून ठेवते, नाइलाजानं चार पानं उलटतातच. वाळवीनं एक कपाट खाल्लं, त्यातली निम्मी पुस्तकं वाचवली. यादी काढायची कल्पना माझी. आमचे अध्यक्ष सर्जेराव आबा म्हणाले होते, यादी कोण वाचतंय. आज अठरातली अकरा पुस्तकं बाहेर आहेत. तुझ्याकडं आहे ते धरून.

इंदापूरच्या मुलाखतीच्या दिवशी तू आली नाहीस, त्याबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस. मीही विचारत नाही.

प्राची


लासुर्णे,
२४ एप्रिल

प्रिय प्राची,

तीन पुस्तकं परत पाठवते आहे. संतांच्या गोष्टी सुरू केल्या की आत्याबाई डोळे मिटून घ्यायच्या. मला वाटलं, भक्तीनं. तिसऱ्या दिवशी मान भिंतीकडं वळवली, तेव्हा कळलं. विनोदी कथांना मी एकटीच हसत होते आणि एकट्यानं मोठ्यानं हसायला फार लाज वाटते. शिक्षिकेच्या आठवणी मी दहा पानांत थांबवल्या. कारण त्यांचं नव्हतं, माझं होतं.

चौथं मात्र मी ठेवून घेणार आहे, मुदत वाढवून दे. झालं असं. दुपारी त्यांना झोप लागली असं समजून मी पायथ्याशी बसून तुझे खटले वाचत होते. आठवड्याभराची सवय, ओठातल्या ओठात आवाज निघत होता. एका जावेनं दुसरीवर चोरीचा आळ घातला तो खटला. साक्षीपर्यंत आले आणि पान उलटायला थांबले, तर खाटेच्या लोखंडी दांड्यावर टकटक. डाव्या हाताच्या बोटानं त्या वाजवत होत्या. डोळे टक्क उघडे. मी पुढं वाचलं. निकालापर्यंत त्यांनी पापणी लववली नाही.

तेव्हापासून रोज दुपारी एक खटला. शेजारच्या वस्तीवरच्या चंद्राबाई आजाऱ्याला बघायला म्हणून आल्या आणि विषप्रयोगाच्या खटल्यात अडकल्या. दुसऱ्या दिवशी शेंगा फोडायला घेऊन आल्या, सोबत आणखी दोघी. आता पाच-सहाजणी असतात. निकाल वाचायच्या आधी मी पुस्तक मिटते आणि सगळ्यांना विचारते, गुन्हेगार कोण. काल चंद्राबाई म्हणाल्या, “दीर न्हाय, दिराला एवढी अक्कल न्हाय. भावजयच हाय.” भावजयच निघाली. आत्याबाईंच्या तोंडाची डावी बाजू तेवढी हसते. या घरात आल्यापासून मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलंय, आणि आता पाहते तर अर्धंच.

असले खटले आणखी आहेत का?

रेश्मा


सांगवी,
२ मे

प्रिय रेश्मा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा सर्जेराव आबांना वाचून दाखवलं. घरातलं जेवढं होतं तेवढं गाळून. आबा म्हणाले, “म्हंजी आपलं पुस्तक लासुर्ण्यापत्तूर गेलं?”

सोबत दोन पुस्तकं आहेत. एक जुन्या तपासांचं, दुसरं जमिनीच्या बांधांवरून झालेल्या भांडणांचं. दुसऱ्यात खून नाही, पण तुझ्या मंडळींना जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

आता नीट वाच. आमच्या समितीपुढं मी एक गोष्ट मांडली आहे. वाचनालयानं चाळीस पुस्तकांची एक पेटी तुझ्या घरी ठेवायची. महिन्यानं ती परत घ्यायची आणि दुसरी द्यायची. पुस्तकं कुणी नेली, कधी आणली, याची नोंद तू ठेवायचीस. वाचून दाखवणंही चालू. कागदावर लिहिताना ‘ग्रंथपेटी केंद्र, लासुर्णे’ आणि खाली तुझं नाव. तू वर्ग पूर्ण केलेली आहेस, पहिल्या श्रेणीत, हे मी समितीला सांगितलंय. वीस तारखेला बैठक आहे. आबांची एकच अट, पेटी ज्या घरात राहणार त्या घरातल्या मोठ्यांची संमती पाहिजे. सासरे नाहीत, म्हणजे कुशाबाईंना विचारावं लागेल. विचार आणि कळव.

मला हे फार हवंय, रेश्मा. वाचनालयासाठी म्हणते आहे, पण तेवढ्यासाठीच नाही.

प्राची


लासुर्णे,
११ मे

प्राची,

सगळी पुस्तकं परत करते आहे. पेटी दुसऱ्या कुणाच्या घरी दे.

विचारलं मी. रविवारी सकाळी न्हाऊ-माखू घालून, वेणी घालून, समोर बसून विचारलं. “आत्याबाई, वाचनालयाची पेटी आपल्या घरात ठेवली तर चालंल का? मी सांभाळीन.” त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणून. मला वाटलं, कळलं नसेल. पुन्हा विचारलं. पुन्हा तशीच हलवली, जास्त जोरात.

तू मुलाखतीचं विचारत नाहीस म्हणालीस. आज मी न विचारता सांगते. इंदापूरच्या शाळेतली ती ग्रंथालय सहायकाची जागा, तिचा अर्ज आपण दोघींनी एकदम भरला होता. तुला बोलावणं आलं, मला आलं नाही असं मी धरून चालले. तू फोनवर विचारलंस, तेव्हा ‘बघू’ म्हणाले, कारण नाही आलं म्हणायची लाज वाटत होती. त्याच वर्षी दिवाळीची साफसफाई करताना आत्याबाईंच्या ट्रंकेत, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ते पाकीट सापडलं. माझ्या नावाचं, फोडलेलं. तारीख कधीच होऊन गेली होती. मी त्यांच्यासमोर पाकीट धरलं. त्या म्हणाल्या, “घरात काय कमी हाय तुला?” आणि लुगड्यांच्या घड्या घालत राहिल्या. हे म्हणाले, जाऊ दे, आता काय उपयोग. मी जाऊ दिलं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू माझी कीव केली असतीस, आणि तुझ्याकडून मला ती नको होती.

तीन महिने मी त्यांचं सगळं करते आहे. रोज दुपारी घसा सुकेपर्यंत वाचते. आणि बोलता येत नाही तरी ‘नाही’ म्हणता येतंच. रविवारपासून मी वाचणं बंद केलंय. चंद्राबाई आणि बाकीच्या आल्या होत्या, त्यांना दारातूनच सांगितलं, आत्याबाईंना बरं नाही.

रेश्मा


सांगवी,
१५ मे

रेश्मे,

त्या दिवशी इंदापुरात मी शाळेच्या व्हरांड्यात तीन वाजेपर्यंत बसले होते. माझी मुलाखत बाराला झाली होती. शिपाई दर थोड्या वेळानं नावं पुकारत होता. तुझं नाव त्यानं तीन वेळा पुकारलं. तिसऱ्या वेळी मी त्याला म्हटलं, त्या यायच्या नाहीत, त्यांना संसार गोड लागला. हे वाक्य मी पुढं कितीजणींना सांगितलं असेल. ती जागा मलाही मिळाली नाही, आणि त्याचाही राग मी कुठंतरी तुझ्यावरच काढला. तुझ्या घरी येऊन एकदा विचारायला बारामतीहून तासभर लागला असता. सहा वर्षांत मी तो तास काढला नाही. तू मला माफ कर, किंवा सावकाश कर, पण मी मागितली आहे हे लक्षात ठेव.

आता दुसरं. आमच्याकडं गोजरबाई म्हणून निवृत्त नर्स रोज पेपर वाचायला येतात. तुझं नाव न घेता मी त्यांना तुझ्या सासूबाईंचं सांगितलं, मान हलवल्याचंही. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, असल्या पेशंटच्या मानेवर कधी भरवसा ठेवू नये. वाचा जाते तेव्हा पुष्कळदा ‘हो’ आणि ‘नाही’ यांचाही गोंधळ होतो. मनात एक असतं आणि मान भलतीच हलते. आधी ज्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे असं काहीतरी विचारून बघायचं. आणि खरंच काही विचारायचं असेल तर दोन वस्तू समोर ठेवायच्या, बोट लावायला सांगायचं.

ते पाकीट दडवलं ते वाईटच केलं. मी त्यांची बाजू घेत नाही, आणि तू विसरावंस असंही म्हणत नाही. पण ते सहा वर्षांपूर्वीचं आहे. रविवारचं काय झालं, ते वेगळं तपासून बघ.

पुस्तकं मी जमा करून घेतलेली नाहीत. याच पाकिटासोबत परत पाठवते आहे.

प्राची


लासुर्णे,
१८ मे

प्राची,

बैठकीच्या आत तुला पत्र मिळावं म्हणून यांना मुद्दाम बारामतीला पाठवते आहे.

तुझं पत्र वाचून मी तशीच मधल्या खोलीत गेले. विचारलं, “तुमचं नाव कुशाबाई हाय का?” मान नाही म्हणून हलली. “मी तुमची सून हाय का?” नाही. “हे घर लासुर्ण्यात हाय का?” नाही. शेवटी मी म्हटलं, “तुमी गडीमाणूस हाय का?” त्याला पण तीच मान, तशीच जोरात. आणि मग ते अर्धं हसू. मी उंबऱ्यावर बसून रडले, आणि त्या मला खाटेवरून बघत राहिल्या.

तुला खरं सांगू? तीन महिन्यांत आम्ही त्यांना काही विचारलंच नव्हतं. वेळ झाली की भरवायचं, कूस बदलायची, अंग पुसायचं. त्यांना काय हवंय हे सगळं आम्हीच ठरवलेलं. मी त्यांना विचारलेला पहिला प्रश्न तो पेटीचा. आणि त्याचं उत्तर मी आधीच मनात तयार ठेवून गेले होते. मान कशीही हलली असती तरी मला ते ‘नाही’च दिसलं असतं.

मग गोजरबाईंनी सांगितलं तसं केलं. दोन कागद घेतले. एकावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पेटी हितं ठेवायची’. दुसऱ्यावर, ‘पेटी नको’. दोन्ही वाचून दाखवले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. हे दारात उभे होते. आत्याबाईंनी डावा हात उचलला. मग पंजा पहिल्या कागदावर ठेवला. मी कागदांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा विचारलं. पुन्हा त्यावरच. तिसऱ्यांदा बदलायला गेले, तर कागद सोडेनात. हे म्हणाले, “बास की आता. किती येळा विचारतीस?”

आठ दिवस मी त्यांना काही वाचून दाखवलं नाही. त्यांना वाटलं असेल, आपण ‘हो’ म्हटलं आणि ही रुसली.

तो कागद सोबत पाठवते आहे. बोटांनी चुरगळलाय, पण समितीला चालेल का विचार.

तू मागितलेली माफी पोचली. माझ्याकडूनही एक बाकी आहे, फोनवर ‘बघू’ म्हटल्याची.

रेश्मा


सांगवी,
२१ मे

रेश्मे,

कागद चालला. एका सदस्यांनी विचारलं, याच्यावर सही कुठं आहे. आबांनी त्यांच्या हातात कागद दिला आणि चुरगळलेल्या जागी बोट ठेवलं. पेटी मंजूर झाली. कागद आता ठरावाच्या फायलीत लावलाय.

सोमवारी पेटी निघेल, मी स्वतः टेम्पोत बसून येणार आहे. चाळीसपैकी तीस पुस्तकं मी निवडली आहेत, दहा तुझ्यासाठी मोकळी ठेवलीत. तू नावं कळव. यादीत मी प्रत्येक पुस्तकाखाली दोन ओळी लिहिल्या होत्या, तशा तू लासुर्ण्याच्या बायकांसाठी लिही. माझ्या ओळी वाचून चंद्राबाईंनी पुस्तक उचललं नसतं, हे मला आता कळतंय.

आणि मला जेवायला काय करणार आहेस तेही कळव.

प्राची


लासुर्णे,
१२ जून

प्रिय प्राची,

तू येऊन गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. त्यातलं काल दुपारचं तेवढं लिहिते, बाकी नोंदवहीत आहे.

आधी थोडी खबर. चाळीसातली बावीस पुस्तकं बाहेर आहेत. चंद्राबाईंना वाचता येत नाही, तरी त्यांच्या नावावर एक आहे. त्यांची नात छकुली त्यांना वाचून दाखवते आणि चुकली की त्या म्हणे तिला म्हणतात, रेश्मा असं वाचत न्हाय. तू सांगितलंस तशा ओळी मी लिहून खोलीच्या दारावर चिकटवल्यात. बांधाच्या भांडणांच्या पुस्तकाखाली लिहिलंय, ‘आपल्याच भावकीतलं वाटेल, पण नाही.’ ते एकदाही पेटीत परत आलेलं नाही, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातंय.

काल सात जणी होत्या. तेच पुस्तक वाचायला मी एका दिवसापुरतं मागून घेतलं होतं. एका बाईच्या नावावरचा जमिनीचा तुकडा दिरानं परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतला, ती गोष्ट. कोर्टात दीर सांगतो की मी जे केलं ते घरासाठी केलं. मी ते वाक्य वाचलं आणि खाटेवरून आवाज आला.

“चुकलं.”

जाड, ओला, पण स्वच्छ आवाज. सगळ्याजणी खाटेकडं वळल्या. मला वाटलं, माझी ओळ गळली, म्हणून त्या दुरुस्त करताहेत. घाईनं पुस्तकात बघितलं. ओळ बरोबर होती. एक अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं. वर बघितलं, तर आत्याबाई पुस्तकाकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या, आणि डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडं ओघळत होतं. चंद्राबाई ओरडल्या, “वाचा आली, वाचा आली,” आणि यांना बोलवायला शेताकडं पळाल्या. बाकीच्या सगळ्या खाटेभोवती जमल्या.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. खूष झाले. म्हणाले, पहिला शब्द असा कुठलाही येतो, त्यात अर्थ शोधत बसू नका. दिरानं चुकीचं केलं असं म्हणायचं असेल, किंवा काहीच नसेल. असेल तसंही. मी डॉक्टरांना काही सांगितलं नाही, यांनाही नाही. तुला लिहिते आहे.

सहा वर्षं मी एक उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं लांबलचक, एकेक वाक्य घासून ठेवलेलं. कधीतरी त्या या विषयावर बोलतील आणि मग मी बोलेन. काल त्या बोलल्या, आणि त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. बायकांचा गलबला चालू होता. मी खाली वाकून त्यांचा कान पुसला आणि त्यांना एकट्यांनाच ऐकू जाईल असं म्हटलं, “व्हय आत्याबाई, चुकलं.”

मग सगळ्यांना खाली बसायला सांगितलं आणि निकाल वाचला.

तुझी,
रेश्मा